सात नंबरचं डोकं

गेल्या दिवाळीच्या सुमारास सिद्धेश्वरच्या धरण कॉलनीत एक बातमी पिकली. पुण्याच्या लोकांनी जनकाबाईच्या डोक्याला मशीन लावली, तासभर तपासलं, आणि मशीनने निकाल दिला की बाई ध्यानबिन काही करत नाही, बसल्या जागी झोपते. आजकाल नव्हे, बावीस वर्षांपासून झोपते. चहाच्या टपरीवर त्या बातमीला शेपूट फुटलं की मशीनमध्ये घोरण्याचा आवाजसुद्धा आला म्हणे. धरणावर जाळी टाकणाऱ्यांपर्यंत बातमी पोचेस्तोवर जनकाबाईला झोपेचा कसलासा दुर्मीळ आजार जडला होता आणि तिला दिल्लीला नेणार होते.

बातमी खोटी. त्या दिवशी मशीनला झोप सापडली हे खरं, घोरणंही खरं, पण ते डोकं जनकाबाईचं नव्हतं. कुणाचं होतं ते लपवून ठेवण्यात काही मजा नाही, ते भीमराजचं होतं. भीमराजची झोप जनकाबाईच्या नावावर कशी चढली, तेवढंच सांगायचं आहे.

जनकाबाई म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेत अठरा वर्षं खिचडी शिजवलेली बाई. वय एकसष्ट, अंगानं काडी, पण आवाज असा की पातेल्यापाशी उभं राहून हाक मारली तर मैदानाच्या टोकाचं लेकरू ताट घेऊन पळत यावं. नवरा पुंजाजी कालव्यावर पाटकरी होता. शेतकऱ्यांच्या पाण्याच्या पाळ्या लावायचा आणि कुणाची पाळी चुकली म्हणून रोज कुणाच्या तरी शिव्या खाऊन घरी यायचा. तो गेला त्याला नऊ वर्षं झाली. पोरगा वाळूजला कंपनीत, सणावाराला येतो.

ध्यानाचा नाद तिला कसा लागला, हे ती स्वतःच हसत सांगते. बावीस वर्षांपूर्वी विहारात पौर्णिमेच्या वंदनेनंतर एका पाहुण्यानं दहा दिवसांच्या शिबिराची माहिती दिली. मौन पाळायचं, श्वास बघायचा, शील सांभाळायचं, असं बरंच तो बोलला. जनकाबाईनं एकच गोष्ट विचारली, तिथं सैपाक कोण करतं? शिबिराचे लोक करतात, बसणाऱ्यानं फक्त जेवायचं, असं उत्तर आलं, आणि तिनं तिथल्या तिथं नाव लिहून दिलं. लग्नापासून पहिल्यांदाच दहा दिवस आयतं ताट. तिसऱ्या दिवशी कुण्या अनोळखी बाईनं वाढलेलं ताट पुढ्यात ठेवलं आणि जनकाबाईला असं रडू फुटलं की शिबिराच्या लोकांना वाटलं, हिला साधना लवकर लागू पडली. पाचव्या दिवशी गुडघे बोलायला लागले. सहाव्या दिवशी पळून जायचा बेत झाला, पण एसटीचा टाइम माहीत नव्हता. आठव्या दिवशी मात्र काहीतरी झालं. काय झालं ते तिला आजही नीट सांगता येत नाही. फारच मागं लागलं तर म्हणते, पातेलं विस्तवावरून उतरवल्यावर आतलं रटरटणं कसं आपोआप कमी होत जातं, तसं.

तेव्हापासून पहाटे पाच ते सहा आणि संध्याकाळी सहा ते सात जनकाबाई पडवीत वाकळेची घडी घालून बसते. पडवीला दार नाही, त्यामुळे सगळ्या कॉलनीला तिचं बसणं दिसतं, आणि दिसलं की बोलावंसं वाटतं. "काय जनकाबाई, झाली का झोप?" हा प्रश्न इकडे जयभीमसारखाच रोजचा झाला होता. पुंजाजी तर पाहुण्यांना सांगायचा की आमच्या घरात दोघं झोपतात, मी आडवा आणि ही बसून. आम्हीही त्यातलेच, खोटं काहून बोला. ती कधी हसायची, कधी आईबापाचा उद्धार करायची, आणि दुसऱ्या दिवशी पाचला वाकळ पसरायची. पुंजाजीला पोचवून आली त्याच्या दुसऱ्या पहाटेही ती बसली होती. त्या एका दिवशी कुणी काही विचारलं नाही.

आता भीमराज. हा कॉलनीतलाच पोरगा, आज पस्तिशीचा बाप्या. अकरा वर्षांपूर्वी तलाठी भरतीत तिसऱ्यांदा नापास झाला आणि आठवडाभर कालव्याच्या काठावर जाऊन बसायला लागला. घरचे घाबरले, कॉलनी नुसती कुजबुजली. जनकाबाई खिचडीचं पातेलं घासून शाळेतून येत होती. तिनं त्याला दंडाला धरून उठवलं, पडवीत आणून बसवलं आणि सांगितलं की बघायचंच आहे तर पाण्याकडं काहून बघतोस, नाकातल्या श्वासाकडं बघ, तो फुकट आहे आणि वल्लं करत न्हाई. पोरगा बसला. त्या दिवसापासून संध्याकाळचं बसणं तिच्या पडवीत आणि त्यानंतरची भाकर तिच्या चुलीपाशी. नात्यानं कुणी नव्हे, पण 'मावशी' म्हणू लागला. तव्यावरची पहिली, चांगली फुगलेली भाकर त्याची, असं ठरूनच गेलं. पोटचा पोरगा वर्षातून दोनदा दिसायचा, हा रोज दिसायचा.

भीमराज पुढं सावरला. औंढ्याला झेरॉक्स आणि मोबाइलचं दुकान टाकलं, बोलायला तर आधीपासूनच वस्ताद. मावशी 'श्वास' म्हणायची, हा 'प्राणऊर्जा' म्हणायचा. मावशी 'बस गुमान' म्हणायची, हा 'चेतनेचा विस्तार' म्हणायचा. यात्रेकरूंना नागनाथाच्या दर्शनाआधी मोबाइल चार्ज करून देता देता तो त्यांना ध्यानाबद्दलही दोन शब्द ऐकवायचा, आणि लोक ऐकायचे. जनकाबाईला त्याचं कौतुक वाटे. आपण जे केलं ते ह्याला सांगता येतं, एवढाच त्या कौतुकाचा अर्थ.

त्यानंच एक दिवस इंटरनेटवर वाचलं की पुण्याच्या एका संस्थेत मेंदूचा अभ्यास चालू आहे आणि त्यांना मुरलेले साधक हवे आहेत, कमीत कमी दहा हजार तास बसलेले. त्यानं मावशीचा हिशोब मांडला. रोजचे दोन तास, बावीस वर्षं, सोळा हजारांच्या वर गेले. मग स्वतःचा मांडला तर चार हजारांच्या आसपास आला. तिथंही त्यानं दहा हजार लिहून दिले. मावशीला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, फॉर्मवर असं लिहू नये बाबा. तो म्हणाला, मनातून तेवढे झालेच आहेत. तिनं पुढं ताणलं नाही.

मागच्या ऑगस्टात पल्लवी आली. वसमतची पोरगी, पुण्यात मेंदूवर पीएच.डी. करते. एक मोठी बॅग, एक लॅपटॉप आणि पोहणाऱ्या लोकांची असते तशी, पण भोकाभोकांची टोपी. तिनं आधी फोनवर बजावलं होतं की केस धुवायचे आणि तेल लावायचं नाही. जनकाबाईचं डोकं लग्नापासून एक दिवसही खोबरेल तेलावाचून राहिलेलं नव्हतं. तिनं शिकेकाईनं दोनदा धुतलं, आणि सकाळी तिचे केस पिंजलेल्या कापसासारखे चारी दिशांना उभे राहिले. शेजारची नीलाबाई, जी तांड्यावरून कॉलनीत राहायला आली आणि तेव्हापासून कुंपणाला टेकून आमच्या सगळ्यांची खबर ठेवते, ती हे बघून म्हणाली की मशीन लावायच्या आधीच करंट बसला वाटतं.

पल्लवीनं पहिल्यांदा एक मराठी संमतीपत्र काढलं आणि अक्षर न् अक्षर वाचून दाखवलं. नाव कुठंच छापणार नाहीत, नंबर असेल. जनकाबाई सात नंबर, भीमराज आठ नंबर. कुणी तुमच्या नावाचा गैरवापर करू नये म्हणून असं करतात, आजी, असं ती म्हणाली. 'आजी' म्हटलेलं जनकाबाईला फारसं रुचलं नाही, पण सही केली. एक प्रत पल्लवीनं तिला दिली, ती तिनं राशनकार्डाच्या डब्यात ठेवली.

मग टोपी चढली. प्रत्येक भोकातून पल्लवीनं बोथट सुईच्या सिरिंजनं थंड, चिकट जेल भरलं. नीलाबाईनं लांबून सिरिंज पाहिली आणि डोक्यात सुई देऊन राहिले रे बाबा, असं म्हणत घरात गेली. पल्लवी समजावून सांगत होती की मेंदूत सारखी बारीकशी वीज चालू असते, जागेपणी तिची चाल वेगळी, झोपेत वेगळी, आणि बरीच वर्षं ध्यान केलेल्यांची कशी असते तेच बघायचंय. जनकाबाईनं विचारलं, ह्या विजेचं बिल येतं का. पोरगी हसली आणि टोपी पुन्हा नीट बसवावी लागली.

टोपीच्या खटाटोपात पाचची वेळ टळली आणि सकाळी सहा वाजता जनकाबाई वाकळेवर बसली. भीमराज तेव्हा घरी नव्हता. पल्लवीसाठी बाटलीचं पाणी आणि पाव आणायला गाडी घेऊन औंढ्याला गेला होता. पडवीत पल्लवी, लॅपटॉप आणि डोळे मिटलेली जनकाबाई एवढेच.

पंचवीसेक मिनिटं झाली असतील. नीलाबाईच्या शेळीनं दावं तोडलं, भिंतीवरून उडी मारून ती पडवीच्या पत्र्यावर चढली, खडाखडा फिरली, आणि दुसरी उडी मारून थेट वाफ्यातल्या मेथीत उतरली. जनकाबाईला सगळं ऐकू आलं. शेळी कुणाची तेही कळलं, आता मेथी राहत नाही हेही कळलं. बसून राहिली. उठली तेव्हा वाफा साफ झालेला होता.

पल्लवीनं तिला लॅपटॉपवर दाखवलं. काळ्या रेघांच्या ओळीच्या ओळी, पाटातलं पाणी सुरळीत वाहावं तशा. आणि मधेच एका जागी सगळ्या रेघा एकदम उसळलेल्या, दोन टोकं, दुसरं पहिल्यापेक्षा उंच, अगदी शिंगं. ही पहिली शेळीची उडी आणि ही दुसरी, पल्लवी म्हणाली. आणि लगेच पुढं रेघा परत पहिल्यासारख्या वाहत होत्या. पोरगी त्या जागेकडं बराच वेळ बघत राहिली. ह्याचा अर्थ काय, असं जनकाबाईनं विचारलं. आत्ता सांगता येणार नाही, सगळं तपासून कागद पाठवते, असं उत्तर मिळालं. जनकाबाईनं शिंगांना बोट लावून पाहिलं आणि म्हणाली, मेथी खाल्ली ती खाल्ली, वर फोटोही काढून घेतला.

दुपारी वरण-बट्टी होती. पुण्याहून आलेली पोरगी म्हणून जनकाबाईनं तूप सढळ हातानं सोडलं. पल्लवीनं एक खाल्ली, भीमराजनं पाच. अडीच वाजता तो टोपी घालून बसला. केसांना आदल्या दिवशीच कलप केलेला, वरून तेल चोपडलेलं, त्यामुळे पल्लवीला स्पिरिट लावून एकेक जागा पुसावी लागली. आठव्या मिनिटाला त्याची हनुवटी छातीवर आली. दहाव्या मिनिटाला तो घोरू लागला. पल्लवीनं उठवलं नाही, जे होतं ते टिपायचं असा तिचा नियम. जनकाबाईनं आतून उलथण्यानं कढई दोनदा वाजवली, उपयोग झाला नाही. तासाभरानं डोळे उघडून भीमराज म्हणाला, आज फार खोल गेलो होतो. पल्लवी लॅपटॉपकडं बघून हसली आणि वायरी गुंडाळू लागली.

ही गोष्ट जनकाबाईनं कुणालाही सांगितली नाही. नीलाबाईलासुद्धा नाही, आणि कुंपणाला टेकलेल्या नीलाबाईपासून काही लपवणं सोपं नसतं. पोरगं दमलं असंल, एवढंच ती म्हणाली.

त्यानंतर वाट पाहणं सुरू झालं. वरून काही दाखवत नसली तरी जनकाबाई त्या कागदाची वाट बघत होती. बावीस वर्षं 'झाली का झोप' ऐकून घेतलं होतं. आता एक कागद येणार होता, आणि त्यावर कुण्या माणसानं नव्हे तर मशीननं लिहिलेलं असणार होतं की ही बाई जागी असते. तो भिंतीला लावायचा, पुंजाजीच्या फोटोशेजारी, हेही तिनं ठरवून टाकलं होतं. पुंजाजीला वाचू दे, असं ती नीलाबाईला म्हणाली होती.

सप्टेंबर सरता सरता एका संध्याकाळी भीमराज आला. त्या दिवशी बसायच्या आधीच बोलायचं म्हणाला. पल्लवीचं पाकीट त्याच्या दुकानाच्या पत्त्यावर आलं होतं. त्यानं एक कागद पुढं केला. त्यावरच्या रेघा मोठ्या, संथ, वाऱ्यावर धरणाचं पाणी हेलकावे घेतं तशा. खाली इंग्रजीत चार ओळी. भीमराजनं आवाज इतका मऊ केला की कुणी गेल्याची खबर द्यायला आलाय असं वाटावं. मावशी, वाईट वाटून घेऊ नको, पण ह्यात झोप आलीय, म्हणाला.

जनकाबाई म्हणाली, शेळी तर मला ऐकू आली होती.

कुठली शेळी ते त्यानं विचारलं नाही. "मधे जाग आली असंल. मावशी, झोपलेल्याला कळतं का, आपण झोपलो म्हणून?"

खरंच कुणाला कळतं? तिनं त्या रेघांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "बावीस वर्षं?"

"तसंच दिसून राहिलंय. पण मी कुणाला सांगणार न्हाई."

तुझा कागद आला का, असंही तिनं विचारलं. तो म्हणाला, अजून न्हाई. पाच बट्ट्या खाऊन घोरलेला माणूस समोर बसला होता, तिनं स्वतःच्या कानांनी ते ऐकलं होतं, आणि तरीही तिच्या मनात काही आलं नाही. ज्याला आपण दंडाला धरून बसवलं, तो आपल्याला उठवायला कशाला खोटं बोलेल.

दुसऱ्या दिवशी पहाटे सवयीनं पाचला जाग आली. ती बाजेच्या कडेला बसून वाकळेकडं बघत राहिली आणि मग चूल पेटवून चहा केला. त्या दिवशी बसली नाही. संध्याकाळी बसली नाही. तिसऱ्या दिवशी कॉलनीच्या लक्षात आलं की पडवी रिकामी आहे. तोपर्यंत भीमराजनं फक्त दोघांना, तेही अगदी खाजगीत, सांगितलं होतं. त्यांतला एक टपरीवरचा उत्तमराव निघाला, आणि उत्तमरावला खाजगीत सांगितलेलं औंढ्याच्या बसस्टँडवर ऐकू येतं. पुढं बातमीचं काय झालं ते सुरुवातीला आलंच आहे. एका सकाळी कुणीतरी नेहमीच्या सवयीनं विचारलं, काय जनकाबाई, झाली का झोप? ती झाडू मारत होती. म्हणाली, झाली. विचारणाऱ्यालाच कसंनुसं झालं.

भीमराज संध्याकाळी येईनासा झाला. हिंगोलीत त्याचं काहीतरी मोठं चाललं होतं, असं कानावर येत होतं. पहिली भाकर जनकाबाई काही दिवस झाकून ठेवत होती. मग तीही बंद झाली.

नोव्हेंबरात तिला हिंगोलीला जावं लागलं. पुंजाजीच्या पेन्शनसाठी दरवर्षी बँकेत जाऊन आपण जिवंत आहोत असं सांगावं लागतं. ते सांगून, बँकेच्या मशीनवर अंगठा टेकवून ती बाहेर पडली आणि हळदीच्या बाजाराकडून स्टँडला निघाली. एका नव्या दुमजली इमारतीवर हे एवढं मोठं फ्लेक्स लागलं होतं. त्यावर पांढऱ्या सदऱ्यातला भीमराज, डोळे मिटलेले, कलप ताजा. वर लिहिलेलं 'ध्यान-तरंग केंद्र, आचार्य भीमराज'. खाली काळ्या रेघांच्या ओळी आणि ठळक अक्षरांत 'पुण्याच्या प्रयोगशाळेत सिद्ध झालेली समाधी'. आणि त्या रेघांच्या मधोमध एक लाल वर्तुळ. त्याला बाण, आणि बाणापाशी 'समाधीचा सर्वोच्च क्षण'.

वर्तुळात दोन शिंगं होती. दुसरं पहिल्यापेक्षा उंच.

जनकाबाईला पहिल्यांदा हसू आलं. भर रस्त्यात, हळदीची पोती वाहणाऱ्या हमालांच्या मधोमध उभी राहून ती एकटीच हसली. नीलाबाईची शेळी हिंगोलीच्या चौकात समाधी लावून बसली होती. आपण औंढ्याला पाव आणायला गेलो तेव्हा पत्र्यावर काय चढलं, हे भीमराजला कधी कळलंच नव्हतं. सगळ्या कागदातली सगळ्यांत उंच रेघ ती सगळ्यांत भारी असणार, एवढंच त्याचं गणित. मग तिचं लक्ष कोपऱ्यातल्या आकड्याकडं गेलं, आणि हसू थांबलं. इंग्रजी अक्षरं तिला येत नाहीत, पण आकडे येतात, एसटीच्या पाट्या काय उगाच वाचते, मोबाइल काय उगाच वापरते. शून्य सात.

घरी येऊन तिनं राशनकार्डाचा डबा काढला. संमतीपत्रावर तिची सही आणि सात. मग ट्रंकेत तळाशी घडी घालून ठेवलेला तो हेलकाव्यांचा कागद काढला. त्याच्या कोपऱ्यात, जिथं तेव्हा बघायचं सुचलंच नव्हतं, तिथं आठ. दोन्ही कागद मांडीवर घेऊन ती अंधार पडेपर्यंत बसली होती, असं नीलाबाई सांगते. रडली नाही. चूल मात्र त्या दिवशी पेटली नाही. नीलाबाईनं आपल्या घरची भाजी-भाकर आणून दिली आणि तिच्या तोंडून सगळं काढून घेतलं. तिचं म्हणणं, पल्लवीला आत्ताच्या आत्ता फोन लाव, फ्लेक्सवर शेण फेकायला तांड्यावरची चार माणसं मी देते. जनकाबाईनं दोन्ही गोष्टींना नको म्हटलं.

चारच दिवसांनी भीमराज स्वतः आला. नवी गाडी, हातात पत्रिका. पौर्णिमेला केंद्राचं उद्घाटन होतं आणि मावशीचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा होता. माझी पहिली गुरू म्हणून स्टेजवर बसवणार, चार शब्द बोल माझ्याबद्दल, एवढंच, तो म्हणाला. जनकाबाई पडवीत लसूण सोलत होती. तिनं पत्रिका घेतली नाही. विचारलं, "भीमराज, सात नंबर कुणाचा?"

पुढचं बोलणं नीलाबाईनं कुंपणापलीकडून अक्षर न् अक्षर ऐकलं, म्हणून तर ते इथवर पोचलं. पहिल्यांदा तो म्हणाला, छापणाऱ्याची चूक झाली असंल. मग म्हणाला, पाकिटातच कागद अदलाबदल होऊन आले. जनकाबाईनं मांडीखालून दोन्ही कागद काढून पुढं ठेवले, तेव्हा तो पडवीच्या पायरीवर खाली बसला. मग खरं बोलायला लागला, आणि खऱ्याला त्याची जीभ सरावलेली नव्हती म्हणून अडखळत बोलला. दुकान बंद करत आणलं होतं, जागा घेऊन ठेवली होती, लोकांची नावं आली होती, आणि पाकीट उघडलं तर त्यात त्याची झोप. मावशीच्या कागदाखाली पल्लवीनं काय लिहिलं होतं ते त्यानंच सांगितलं. खडखडाट ऐकूनही दोन सेकंदांत मन जागच्या जागी येतं असं तिनं फार थोड्या लोकांत पाहिलं होतं, ही बाई पूर्ण तासभर जागी होती, असं त्यात होतं. हे ऐकताना जनकाबाईनं लसणाची पाकळी हातातच धरून ठेवली होती, सोलली नाही, असं नीलाबाई म्हणते.

मग मला झोपली म्हणून काहून सांगितलंस, एवढंच तिनं विचारलं. तो म्हणाला, दोघांचेही चांगले कसे दाखवणार, एक कागद झोपेचा होताच ना, तो कुणाच्या तरी नावावर टाकायला पाहिजे होता, आणि मावशीला काय फरक पडतो, तिला कुठं स्टेजवर बसायचंय, असं वाटलं.

त्या बोलण्यानंतर काय झालं ते आधीच सांगून टाकतो. उद्घाटन ठरल्या दिवशी झालं. जनकाबाई गेली नाही, शाल दुसऱ्या कुणाच्या खांद्यावर पडली. फ्लेक्स अजून तिथंच आहे, हिंगोलीला जाल तर बघून घ्या, नीलाबाईची शेळी लाल वर्तुळात आहे. केंद्रात पन्नासेक लोक येतात, म्हणजे भीमराजचं बरं चाललंय. तो कॉलनीत येत नाही, आईवडिलांना हिंगोलीलाच बोलावून घेतो. टपरीवर उत्तमरावला आम्ही सगळ्यांनी मिळून खरं काय ते ऐकवलं, पण त्यानं ते कुणाला खाजगीत सांगितल्याचं अजून तरी ऐकण्यात नाही. जनकाबाई त्या बोलण्याच्या दुसऱ्याच दिवशी पहाटे पाचला वाकळ पसरून बसली. चांगले चाळीस-पंचेचाळीस दिवस मधे गेले होते. नीलाबाई म्हणते, तासाभरात तीनदा डोळे उघडून बघत होती बाई, आपण झोपलो तर न्हाई ना म्हणून. असं ती पूर्वी कधी करत नव्हती.

भीमराजनं मात्र त्या दिवशी पायरीवरून उठायच्या आधी एक शेवटचं बोलून घेतलं. तिचंच शिकवलेलं त्यानं तिच्याच पुढं ठेवलं. "मावशी, सगळं अनित्य आहे, कशाला चिकटू नये, हे तूच सांगितलंस मला ह्या पडवीत. आन आता एका कागदाचा एवढा मोह?"

जनकाबाईनं दोन्ही कागद उचलले, घडी घातली आणि त्याच्या हातात दिले.

"घेऊन जा, दोन्ही तुलाच घे. बावीस वर्षं सगळी कॉलनी मला झोपली म्हणत होती, तुझा मावसा बी म्हणत होता, तरी मी दुसऱ्या दिवशी बसत होते. तू म्हणालास, आन मी उठले. त्या मशीनीवर भरवसा ठेवून उठले न्हाई, बाबा. तुझ्यावर ठेवून उठले."